वाचक विचारतात : क्लब, मे महिन्यातली दुपार आणि चिटबुक

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या क्लबांचा ओझरता उल्लेख केला होता. त्या एका ओळीवर एवढी पत्रे येतील असे वाटले नव्हते. त्यांतली काही निवडून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझी मुलगी बॉस्टनजवळ राहते. जानेवारीत आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा जावयांच्या वरिष्ठांनी आम्हाला त्यांच्या कंट्री क्लबात जेवायला नेले. बाहेर गुडघाभर बर्फ होता, तरी जाळीच्या पिंजऱ्यासारख्या जागेत चौघे जण टेनिससारखे काहीतरी खेळत होते, आणि आतल्या एका लांबलचक दालनात काही माणसे बर्फावरून दगड सरकवून त्याच्यापुढे चक्क झाडू मारत होती. आपल्याकडचे क्लब उन्हाळ्यात ओस पडतात असे ऐकते. मग हे लोक बारा महिने रमतात कसे? आणि कंट्री क्लब म्हणजे नेमके काय?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : यातल्या ‘कंट्री’चा अर्थ देश नव्हे, तर शहराबाहेरचा मोकळा मुलूख. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतली शहरे धुराने आणि गर्दीने भरून गेली, तेव्हा हातात पैसा असलेल्या मंडळींनी घोडागाडीने तासाभरात पोहोचता येईल अशा अंतरावर जमिनी घेतल्या, एक ऐसपैस घर बांधले आणि रविवार तिथे घालवायला सुरुवात केली. आपण गेलात त्याच परिसरात, बॉस्टनला लागून असलेल्या ब्रुकलाईन गावात, १८८२ मध्ये ‘द कंट्री क्लब’ स्थापन झाला. या जातीच्या संस्थांमधला तो आद्य मानला जातो, म्हणून त्याला वेगळ्या नावाची गरजच पडली नाही. आज कंट्री क्लब म्हटले की गोल्फ आठवतो, पण सुरुवात घोड्यांपासून झाली होती. गोल्फची पहिली सहा छिद्रे तिथे आखली गेली ती १८९३ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेची राष्ट्रीय गोल्फ संघटना स्थापन करणाऱ्या पाच क्लबांत ब्रुकलाईनचा समावेश होता.

बारा महिन्यांचे म्हणाल तर त्यांचे वर्ष दोन सोमवारांमध्ये बांधलेले असते. मेच्या शेवटच्या सोमवारी पोहण्याचा तलाव उघडायचा आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तो बंद करायचा, अशी बहुतेक ठिकाणची रीत आहे. मधल्या काळात टेनिस, गोल्फ, मुलांचे पोहण्याचे वर्ग आणि ४ जुलैची आतषबाजी असते. पाने झडू लागली की सभासदाने पाहुण्याला जोडीदार म्हणून आणायच्या स्पर्धा होतात. त्यानंतर मात्र अडचण उभी राहते, कारण हिरवळ बर्फाखाली जाते आणि आचारी, वेटर, माळी यांचे पगार तर चालूच राहतात. यावर काढलेला पहिला तोडगा रोख हिशेबाचा आहे. अनेक क्लबांत सभासदाने दर महिन्याला किंवा तिमाहीला ठरावीक रकमेचे जेवण घेतलेच पाहिजे, न घेतल्यास ती रक्कम तरीही बिलात लागते. दुसरा तोडगा आपण पाहिलात तो, आणि मला विचाराल तर खरी गंमत त्यातच आहे.

पिंजऱ्यात चालला होता तो प्लॅटफॉर्म टेनिस. न्यूयॉर्कजवळच्या स्कार्सडेल गावात १९२८ मध्ये दोन शेजाऱ्यांनी हिवाळ्यात हातपाय हलवता यावेत म्हणून तो काढला. जमिनीपासून उचललेला मंच, त्यावर साध्या टेनिस कोर्टाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढे कोर्ट. भोवती बारा फूट उंच जाळी. चेंडू रबरी स्पंजाचा आणि रॅकेटला तारा नाहीत, नुसती भोके पाडलेली फळी. मंच उचललेला अशासाठी की झाडलेला बर्फ कडेने खाली ढकलून देता यावा. आता त्याच्या पोटात हीटरही बसवतात. जाळीवर आदळून परत आलेला चेंडू मारता येतो, त्यामुळे एकेक डाव कंटाळा येईपर्यंत लांबतो आणि खेळणाऱ्याच्या अंगात ऊब राहते. शेजारी शेकोटीची खोली असते, आणि खेळाइतकाच वेळ तिथे जातो.

झाडूवाला खेळ कर्लिंग. तो मूळचा स्कॉटलंडचा. ग्रॅनाइटचा एकेक दगड जवळपास वीस किलोंचा असतो, आणि तो सोडल्यानंतर त्याच्या वाटेवरचा बर्फ घासला की घर्षण कमी होऊन दगड थोडा पुढे आणि थोडा सरळ जातो. म्हणजे आपण पाहिलेली माणसे सफाई करत नव्हती, दगडाला वाट दाखवत होती. ब्रुकलाईनच्या क्लबातही हा खेळ पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे.

आपल्याकडे हंगाम उलटा असतो. नागपूरच्या वेधशाळेत २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली, आणि २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे पारा ३.५ अंशांवर उतरला. आपले ‘बर्फाचे दिवस’ एप्रिल-मे-जूनमध्ये येतात. त्या काळात टेनिस पहाटे साडेपाचला सुरू होऊन साडेसातला संपते, दुपारी बाहेर चिटपाखरू नसते, आणि सहानंतर माळी पाइप घेऊन हिरवळीवर फिरू लागला, तापलेल्या मातीचा वास उठला आणि वेताच्या खुर्च्या बाहेर मांडल्या गेल्या की क्लबाचा खरा दिवस उजाडतो. मधली दहा तासांची दुपार कशी भरून काढायची, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच आहे.

प्रश्न : स्नूकरचा शोध जबलपूरला लागला असे माझ्या मुलाला कोणी सांगितले. ही थाप की खरे?
— एक पालक, प्रतापनगर

उत्तर : खरे आहे, आणि वरच्या उत्तराला ते अगदी चपखल बसते. १८७५ च्या पावसाळ्यात जबलपूरच्या छावणीतले अधिकारी मेसच्या बिलियर्ड टेबलाभोवती अडकून पडले होते. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण लेफ्टनंटने, म्हणजे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या चेंबरलेनने नव्हे, चालू खेळात आणखी रंगीत चेंडू मिसळून नवा खेळ जुळवला. वूलविचच्या लष्करी शाळेत नवख्या विद्यार्थ्याला ‘स्नूकर’ म्हणत. सोपा चेंडू चुकवणाऱ्या एका सोबत्याला चेंबरलेनने तसे हिणवले आणि तेच नाव खेळाला चिकटले. नियम लिहून काढले गेले ते पुढे १८८२ मध्ये उटीच्या क्लबात. जबलपूर त्या वेळी मध्य प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती, तेव्हा मुलाला थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही.

लक्षात घ्या, हा खेळ पावसाने घरात बसवले म्हणून निघाला. बास्केटबॉल निघाला तो डिसेंबर १८९१ मध्ये, बॉस्टनच्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डला, थंडीत मैदानावर जाता न येणाऱ्या तरुणांना गुंतवून ठेवण्यासाठी. पहिल्या टोपल्या पीचच्या फळांच्या होत्या. ब्रिजची आज जगभर चालणारी गुणपद्धती हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये बोटीच्या प्रवासात बसवली. हवामान छान असताना माणूस ठरलेलाच खेळ खेळतो. अडकून पडला की डोके चालवतो.

प्रश्न : या क्लबांत पूर्वी हिंदी माणसाला प्रवेश नव्हता हे वाचून आहे. नागपूरच्या क्लबांचा जन्मही त्यातलाच का? आणि मग अशा संस्थांचे एवढे कौतुक कशासाठी?
— एक निवृत्त शिक्षक, महाल

उत्तर : आपल्या प्रश्नातली धार रास्त आहे. कोलकात्याचा बेंगॉल क्लब १८२७ चा, मुंबईचा भायखळा क्लब १८३३ चा. दोन्ही गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी काढलेले. त्यावर आपल्या लोकांनी दोन प्रकारे उत्तर दिले. एक, स्वतःची संस्था काढणे : मुंबईत समुद्राकाठी पारशी, मुस्लिम आणि हिंदू अशा वेगवेगळ्या जिमखान्यांची रांग उभी राहिली आणि पुण्यात १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना स्थापन झाला. दुसरे, दोघांना सामावणारी संस्था उभी करणे : कलकत्ता क्लब १९०७ मध्ये आणि मुंबईचा विलिंग्डन क्लब पहिल्या महायुद्धाच्या काळात या हेतूने निघाला. ‘जिमखाना’ हा शब्दही या संकराचेच अपत्य आहे. ‘गेंदखाना’ला इंग्रजी जिम्नॅस्टिक्सचा झगा चढवला की जिमखाना होतो, अशी त्याची सर्वमान्य व्युत्पत्ती आहे.

नागपूरची गोष्ट राजधानीशी बांधलेली आहे. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, सीताबर्डीच्या किल्ल्यापलीकडे साहेबांची वस्ती पसरली, उत्तरेला कामठीची छावणी तर १८२१ पासूनच होती. आयुक्त, न्यायाधीश, वनाधिकारी आणि पलटणींचे अधिकारी हीच संध्याकाळची मंडळी. सी. पी. क्लबाच्या नावातली दोन आद्याक्षरे त्याच बुजलेल्या प्रांताची, म्हणजे ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ची, आहेत आणि गोंडवाना क्लबाचे नाव त्याहून जुन्या मुलखाचे. उन्हाळ्यात मात्र प्रांताचे सरकार पचमढीला जाई आणि वऱ्हाडातले साहेब चिखलदऱ्याला. त्यामुळे इथल्या क्लबांचा हंगाम आरंभापासूनच थंडीचा राहिला. १९५६ मध्ये राजधानी गेली, पण नागपूर करारानुसार विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन इथे भरू लागले, आणि आजही डिसेंबरात रविभवनापासून सिव्हिल लाइन्सच्या प्रत्येक हिरवळीपर्यंत जी वर्दळ दिसते ती त्या जुन्या हंगामाचीच शेपटी आहे.

प्रवेशाची भिंत केवळ रंगाची नव्हती आणि केवळ इथलीही नव्हती. ब्रुकलाईनचीच एक हकीकत सांगतो. तिथल्या मैदानासमोरच्या रस्त्यावर एका माळ्याचे घर होते. त्याचा मुलगा फ्रान्सिस विमेट लहानपणी त्याच मैदानावर श्रीमंतांच्या गोल्फच्या थैल्या उचलत असे. १९१३ मध्ये, वीस वर्षांचा असताना, त्याने घरासमोरच्या त्या मैदानावर अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. हरवले ते व्हार्डन आणि रे या त्या काळच्या दोन नामांकित ब्रिटिश व्यावसायिकांना. त्याची स्वतःची थैली उचलायला दहा वर्षांचा एक शाळकरी पोरगा होता. गोष्ट गोड आहे, पण तिच्यामुळे फाटके उघडली असे कोणी समजू नये. अमेरिकेतल्या कित्येक गोल्फ क्लबांनी कृष्णवर्णीयांना १९९० नंतरच सभासद केले, आणि ऑगस्टाच्या क्लबाने पहिल्या दोन महिलांना प्रवेश दिला तो थेट २०१२ मध्ये.

एवढे असून कौतुक कशाचे, असे आपण विचारता. माझ्यापुरते सांगायचे तर मला कौतुक मार्करचे वाटते. मार्कर म्हणजे कोर्टावर गुण सांगणारा, चेंडू काढून देणारा आणि जोडीदार आला नाही तर सभासदाबरोबर स्वतः खेळणारा नोकर. निम्म्या सभासदांना बॅकहँड यानेच शिकवलेला असतो. जुन्या क्लबांच्या भिंतीवर माजी अध्यक्षांच्या नावांची सोनेरी पाटी असते. मार्करांची पाटी मी अजून कुठे पाहिलेली नाही.

प्रश्न : पुढच्या महिन्यात यजमानांनी मला पहिल्यांदाच क्लबात जेवायला बोलावले आहे. कपडे कसे असावेत? शिवाय तिथे पैसे चालत नाहीत म्हणतात, ते कसे?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : पायांपासून सुरुवात करा. सन १९८४ च्या सुमारास वडिलांच्या एका वकील स्नेह्यांनी मला असेच एका क्लबात नेले होते. मी नवी करकरीत कोल्हापुरी घालून गेलो आणि दाराशीच अतिशय अदबीने थांबवला गेलो. वाद घालण्यात अर्थ नव्हता. शेवटी वकीलसाहेबांच्या ड्रायव्हरने स्वतःचे बूट काढून दिले. ते दोन नंबर मोठे होते, म्हणून मी अख्खे जेवण पाय न उचलता, घसरत घसरत उरकले. कटलेट आणि कॅरमल कस्टर्ड याखेरीज त्या रात्रीचे मला काही आठवत नाही. बाहेर आलो तेव्हा ड्रायव्हर माझी कोल्हापुरी घालून गाडीला टेकून उभा होता. “चपला लय मस्त हायेत, साहेब. कितीले घेतल्या?” एवढेच त्याने विचारले.

तेव्हा बंद बूट, मोजे, कॉलरचा शर्ट आणि साधी पँट हे निर्धोक. महिलांना साडी किंवा सलवार-कमीज कुठेही चालते, पुरुषांच्या भारतीय पोशाखाबाबत मात्र यजमानांना आधी विचारून ठेवा, कारण प्रत्येक क्लबाचे नियम वेगळे असतात. २०१४ मध्ये धोतर, म्हणजे तिकडची वेष्टी, नेसलेल्या एका उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना चेन्नईतल्या एका क्लबात प्रवेश नाकारला गेला, आणि त्याच वर्षी तमिळनाडू विधानसभेने अशा बंदीविरुद्ध कायदाच केला. आपल्याकडे तसा कायदा नाही. गमतीची बाब अशी की ज्या काळ्या कोटाला आज औपचारिकतेची परिसीमा मानतात, तो ‘टक्सीडो’ न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्कमधल्या क्लबावरून ओळखला जातो, आणि शेपटीवाल्या लांब कोटाच्या तुलनेत तो त्या काळी फारच ढिला पोशाख समजला जाई.

पैशांचे म्हणाल तर क्लबात चिट चालते. पदार्थ मागवला की बेअरर कार्बन लावलेले पुस्तक पुढे करतो, सभासद आपला क्रमांक घालून सही करतो आणि महिनाअखेरीस एकत्र बिल घरी येते. आता बऱ्याच ठिकाणी कार्ड आले आहे, पण नाव चिटच राहिले. आपल्या चिठ्ठीचेच हे रूप. इंग्रजांनी ती उचलली, तिची शेपटी कापली आणि परत करताना ती साहेबी म्हणून परत केली. पाहुण्याने पाकीट काढायचे नसते. बेअररच्या हातात नोट कोंबणेही टाळा. जुन्या क्लबांत बक्षिसीला मनाई असते आणि दिवाळीच्या सुमारास सभासदांकडून वर्गणी काढून ती सर्व नोकरांत वाटली जाते. मला ही पद्धत अधिक न्याय्य वाटते, कारण तीत भांडी घासणाऱ्यालाही हिस्सा मिळतो.

प्रश्न : क्लब सभासदांचाच, तर मग बिलावर जीएसटी कसा?
— एक सनदी लेखापाल, रामदासपेठ

उत्तर : आपल्याला ठाऊक असून विचारता आहात अशी शंका येते. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. क्लब आणि सभासद एकच, आणि स्वतःला स्वतः विकता येत नाही, हे ‘परस्परते’चे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये कलकत्ता क्लबाच्या खटल्यात, आधीच्या विक्रीकर आणि सेवाकराच्या संदर्भात, मान्य केले. त्यावर २०२१ च्या वित्त कायद्याने जीएसटी कायद्यात दुरुस्ती करून, क्लब आणि सभासद या दोन वेगळ्या व्यक्ती समजाव्यात असे १ जुलै २०१७ पासून मागे जाऊन लागू केले. त्या दुरुस्तीलाही न्यायालयात आव्हान दिले गेले आहे.

प्रश्न : आमचे हे रोज दुपारी क्लबाच्या कार्ड रूममध्ये रमी खेळतात. पोलीस आले तर?
— एक गृहिणी, बजाजनगर

उत्तर : रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकात, सिकंदराबादच्या एका क्लबाच्याच प्रकरणात, म्हटले आहे. पण त्याच निकालात असाही इशारा आहे की क्लब जर त्या डावांतून नफा कमावू लागला तर तो जुगाराचा अड्डा ठरू शकतो. तेव्हा पोलिसांची चिंता करण्यापेक्षा महिनाअखेरीचे बिल एकदा स्वतः उघडून पाहावे.

प्रश्न : वय ६२. गेल्या वर्षी सेवानिवृत्त झालो. मुले पुण्यात. एका जुन्या क्लबाचे सभासदत्व मिळण्याची शक्यता आहे, पण रक्कम मोठी आहे आणि पत्नी म्हणते की अंबाझरीला फिरायला पैसे लागत नाहीत. काय करावे?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : वहिनींचा मुद्दा बिनतोड आहे, आणि पहाटेच्या अंबाझरीवर किंवा सेमिनरी हिल्सवर जमणारे गट हे बिनचिटबुकाचे क्लबच आहेत. तिथेही ठरलेला बाक असतो, ठरलेला थट्टेचा विषय असतो आणि एखादा सलग चार दिवस दिसला नाही तर कोणीतरी फोन करते. तर्री पोह्यांचा खर्च कोणी करायचा याचेही अलिखित नियम असतात. पण हे गट आठ वाजता पांगतात. निवृत्त माणसाचा घात करते ती सकाळ नव्हे, दुपार. आणि आपल्याकडे ती वर्षातून किमान तीन महिने घराबाहेर पडू देत नाही.

म्हणून यजमान आपल्याला डिसेंबरात दाखवायला नेतील तर नम्रपणे नकार द्या. डिसेंबरात कुठलाही क्लब सुंदर दिसतो. कोजागरीच्या आटीव दुधावर किंवा एकतीस डिसेंबरच्या दिव्यांवरही भुलू नका. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी अडीच वाजता जा. कार्ड रूममध्ये ब्रिजची किती टेबले लागली आहेत आणि चौथा भिडू कमी पडला तर नवख्याला बसवून घेतात की नाही, हे पाहा. वाचनालयाचे कुलूप उघडे आहे का आणि मासिके कुठल्या महिन्याची आहेत, हेही पाहा. कूलरजवळची खुर्ची कुणाची तरी ‘ठरलेली’ असेल, तिथे चुकून बसा आणि काय होते ते अनुभवा. बिलियर्ड्सच्या टेबलावर कापड अंथरून त्यावर खोकी ठेवलेली असतील तर त्या क्लबाला तुमचे पैसे हवे आहेत, तुम्ही नव्हे.

वहिनींनाही बरोबर न्या. काही ठिकाणी पत्नीला पतीच्या सभासदत्वातून प्रवेश असतो, पण स्वतःचे मत नसते. पती गेल्यानंतर तिचे काय, हे नियमावलीत शोधा आणि सापडले नाही तर सचिवांना तोंडावर विचारा. दुसऱ्या शहरांतल्या कोणत्या क्लबांशी संलग्नता आहे याची यादीही मागून घ्या. मुले पुण्यात आहेत, तेव्हा तिथल्या एखाद्या क्लबाची खोली चार दिवस मिळू शकली तर सुनेच्या स्वयंपाकघरावरचा ताण वाचतो आणि भेटीतली गोडी टिकते. वार्षिक वर्गणी, किमान खर्चाची अट आणि प्रवेशशुल्क परत मिळते की नाही, हे तीनही लेखी घ्या.

त्या दुपारी तासभर बसून चहा मागवा. दोन अनोळखी माणसे आपणहून येऊन बोलली तर अर्ज भरा. आणि चहाचे पैसे द्यायला जाऊ नका, ते यजमानांच्या चिटवर गेले आहेत.